मधल्या खिडकीची खूण

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. फ्रिजमधला पेढा उचलला तरी माझ्या तोंडावर दिसतं म्हणे. आणि तरी नऊ वर्षं एक गोष्ट तिच्या समोर, तिच्याच ताटाशेजारी जेवायला बसतेय, तिला दिसलेली नाही. आई गेली, तिलाही नाही सांगितली. ऑफिसात तर प्रश्नच नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहिताना दर दोन ओळींनी दाराकडे बघतोय — यावरून काय ते समजा.

आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी फोटोंवरून मापं काढतो. हे सांगितलं की लोक विचारतात, लग्नाच्या ऑर्डरी घेता का? घेत नाही. एखादा पूल, खाण, डोंगराचा उतार, धरणाची भिंत — त्याचे शेकडो फोटो वेगवेगळ्या जागांवरून काढायचे. संगणक त्यातले सारखे ठिपके जुळवतो आणि पडद्यावर ती वस्तू जशीच्या तशी उभी करतो. मग ती किती झुकली, किती खचली, कुठे फुगली, ते मोजता येतं. कधी ड्रोन, कधी साधा कॅमेरा, मोठा प्रदेश असला तर उपग्रहाची चित्रं. गंमत अशी की वस्तूला हात लावावा लागत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. हात न लावता मोजतो मी, असं पाहुण्यांना सांगायचो.

आमची बिल्डिंग बोरिवली पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही. मी तिथेच जन्मलो, दुसऱ्या मजल्यावर. समोरचं दार परब काका-काकींचं. काका आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर गोरेगावच्या एका स्टुडिओत सेट उभारायच्या सुतारकामाला लागले ते निवृत्त होईपर्यंत. प्लायवूडचे वाडे, प्लायवूडची कोर्टं, प्लायवूडचे तुरुंग. त्यांना मूल नव्हतं. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची, शाळेतून आलो की मी आधी तिकडेच जेवायचो. काकींच्या हातचं माशांचं तिखलं खाऊन मोठा झालेला माणूस आहे मी. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायला जीभ रेटणार नाही.

काकींना काचबिंदू झाला. पन्नाशीत सुरू झाला आणि हळूहळू दोन्ही डोळे घेऊन गेला. पण बाई हरली नाही. घर तिने हाताने पाठ केलं. दारापासून ओट्यापर्यंत किती पावलं, फळीची कड कुठे, मिठाचा डबा कुठे. डावा हात भिंतीवर ठेवून ती सगळ्या घरात फिरायची, मासे तळायची, आल्यागेल्याला चहा द्यायची. तिच्या स्वयंपाकघराची बाहेरची भिंत म्हणजे बिल्डिंगची पूर्वेची भिंत. त्या भिंतीवर तिच्या तळव्याने एक गुळगुळीत पट्टा पडला होता, कमरेच्या उंचीवर. रंगारी आला की ती भिंतीवर बोटं वाजवून सांगायची, इथे गिलावा पोकळ आहे. तो ठोकून बघायचा, तर खरंच पोकळ.

मग रिडेव्हलपमेंटचं वारं आलं. तुम्ही उपनगरात राहत असाल तर वेगळं सांगायला नको. जिन्यात दोन तट, गणपतीत दोन तट. बहुतेकांना नवीन घर हवं होतं. काका ठाम नको म्हणत होते, आणि त्यांच्या मागे सात-आठ घरं. त्यांचं म्हणणं साधं होतं — हिला दुसऱ्या घरात चालता येणार नाही. तीन-चार वर्षं भाड्याच्या जागेत काढायची, तिथे ही काय करणार? यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून लोक चिडायचे.

सोसायटीने बोलावलेला इंजिनीअर भला माणूस होता. तो म्हणाला, खांब ठीक आहेत, गिलावा गेलाय, दुरुस्तीवर बिल्डिंग अजून बरीच वर्षं काढेल. फक्त पूर्वेची भिंत खालून बघताना मधोमध फुगल्यासारखी वाटते. ती मोजून घ्या. खरंच फुगली असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा, घरं खाली करा.

मोजून घ्या म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

काकांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "शिरीष, तू मोज. तू म्हटलंस तर मी सही करतंय. दुसऱ्या कोणाचा मी ऐकूचंय नाय. मी जन्मभर प्लायच्या भिंती उभ्या केलंय, खऱ्या भिंतीतला माका काय कळता?"

एवढा विश्वास कुणी टाकला की माणसाने काय करावं? मी तर खूश झालो.

एका रविवारी सकाळी कामाला लागलो. आमच्या कामात भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवतात. त्यातल्या काही खुणा संगणकाला सांगायच्या, त्यांच्या आधाराने तो बाकीची भिंत उभी करतो. मी चार कोपऱ्यांना चार लावल्या. पण दोन खुणा मुद्दाम लपवून ठेवायच्या. त्या दुर्बिणीच्या यंत्राने वेगळ्या मोजायच्या, वहीत लिहायच्या, आणि संगणकाला पत्ता लागू द्यायचा नाही. त्याचं काम झालं की मग त्यांना विचारायचं — हा सांगतोय ते खरं का? ऑफिसात आम्ही त्यांना साक्षीदार म्हणतो. साक्षीदारांना विचारल्याशिवाय आमच्याकडून एक कागद बाहेर जात नाही.

एक साक्षीदार जिन्याच्या खिडकीखाली लावला. दुसरा भिंतीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे काकींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. मी अर्धा बाहेर वाकलो होतो, आणि काकींनी मागून माझा शर्ट दोन्ही मुठींनी घट्ट धरला होता. "पडशीत रे," म्हणत होत्या. डोळ्यांनी न दिसणारी बाई मला पडू देत नव्हती.

मी आत आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "कशाक एवढा करतंस? भिंत सरळ आसा."

मी हसलो. म्हटलं, "काकी, हाताने मिलिमीटर कळतात का?"

"मिलिमीटर माका माहीत नाय. फुगलेली भाकरी हाताक कळता, मग भिंत कळूची नाय?"

हे मी ऑफिसात विनोद म्हणून सांगितलं. लोक हसले. मीही परत हसलो.

फोटो समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून काढायचे होते. गच्ची अरुंद. मी एका रेषेत चालत गेलो आणि समोरून सरळ, एकाच अंतरावरून सगळे फोटो काढले. खरं तर तिरके काढायला हवे होते, थोडे जवळून, थोडे खालून. कारण सगळे फोटो असे एकाच तऱ्हेने काढले तर भिंगाचा बारीकसा वाकडेपणा मापात शिरतो, आणि सपाट भिंत मधोमध पुढे आलेली दिसते. कोपरे जागच्या जागी आणि पोट बाहेर. धंद्यात नवीन आलेल्या पोरांना पहिल्या महिन्यात हे शिकवतात. मी स्वतः शिकवतो. पण ऊन भिंतीवर चढत होतं, गच्चीची किल्ली देणाऱ्या बाई देवळात जायला खोळंबल्या होत्या, आणि हे कुठे कंपनीचं काम होतं? घरचंच तर होतं. म्हटलं, चालतंय.

संध्याकाळी चित्र तयार झालं. कडेला निळं, मग हिरवं, पिवळं, आणि मध्यावर लालभडक. भिंत चार-पाच बोटं बाहेर आलेली. लाल ठिपका नेमका काकींच्या खिडकीपाशी. मी बायकोला हाक मारली. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या बिल्डिंगला बातमी गेली होती — शिरीषने मोजलंय, भिंत फुगलीय.

साक्षीदारांना विचारायचं राहून गेलं होतं.

इथपर्यंतची चूक म्हणाल तर चूक. घाई, आळस, आणि जे दिसेल असं सगळे म्हणत होते तेच दिसल्याचा आनंद. इतकी वर्षं मी स्वतःला ही गोष्ट इथेच थांबवून सांगत आलो. अगदी पाठ करून ठेवलीय — कधी कोणी विचारलंच तर सांगायचं की चूक माझ्या फार नंतर लक्षात आली, तोवर बिल्डिंग पाडून झाली होती, काय करणार? हे वाक्य आरशासमोर म्हणूनही बघितलंय. बरं जमतं.

पण तसं झालेलं नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. सकाळी मी चित्र पडद्यावर दाखवायला नीट करत बसलो होतो. वही शेजारी उघडी होती. वहीत माझ्याच अक्षरात दोन साक्षीदारांची मापं. सवयीने, केवळ हाताच्या सवयीने, मी ती संगणकात भरली. जिन्याजवळची खूण थोडी चुकलेली निघाली. काकींच्या खिडकीची खूण — संगणक म्हणत होता ती चार-पाच बोटं पुढे आहे, आणि यंत्राने मोजलेली ती होती जागच्या जागी. चार कोपऱ्यांच्या ओळीत. म्हणजे सगळा फुगवटा भिंगाचा होता.

भिंत सरळ होती.

मी ते तीनदा तपासलं. खाली पोरं खुर्च्या मांडत होती, त्यांचा आवाज येत होता. बायको माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. सभेला दोन तास होते. दोन तासांत माणूस किती तरी करू शकतो, नाही का? जिना उतरून सेक्रेटरीला सांगता आलं असतं की यार, गडबड झाली, पुन्हा मोजतो. समोरचं दार ठोठावता आलं असतं. तेवढंच, समोरचं दार, चार पावलं.

मी आंघोळीला गेलो.

का? बिल्डरने मला काही दिलं नव्हतं, त्याला माझं नावही माहीत नव्हतं. मुलीला स्वतःची खोली मिळणार होती, तिने भिंतीचा रंगही ठरवला होता. लाल ठिपका आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी होता, आता तो पुसायचा म्हणजे धंद्यातली माझी अक्कल चव्हाट्यावर. आणि आणखी एक, हे लिहायला सगळ्यात जड जातंय — ज्यांनी मला नागडा खेळताना बघितलं होतं ती सगळी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसून माझं ऐकणार होती. ते मला हवं होतं. यातलं कशाचं किती, ते विचारू नका. मोजणं हा माझा धंदा आहे आणि हे मला मोजता आलेलं नाही.

सभेत मी चित्र दाखवलं. लोक लाल रंगाकडे बघत राहिले. काका पहिल्या रांगेत होते, काकी त्यांच्या बाजूला. काकींना कोणीतरी कानात सांगत होतं की तुमच्या खिडकीपाशीच आहे. काका उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या पक्का ना रे?"

"पक्का, काका."

त्यांनी सही केली. त्यांच्या मागे राहिलेल्या सगळ्यांनी केली.

पुढचं पटपट झालं. बिल्डिंग धोकादायक ठरली, आम्ही कांदिवलीला गेलो, काका-काकी दहिसरला. पाडकाम सुरू झालं तेव्हा मी कामावर जाताना मुद्दाम वाट वाकडी करून बघायला गेलो. पूर्वेची भिंत शेवटी पाडली. पोकलेनवाला वैतागला होता. मला म्हणाला, साहेब, ही कसली धोकादायक, दात तुटायची पाळी आलीय. मी हसलो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग परत कामाला लागला.

दहिसरला जाऊन दोन महिने झाले नाहीत तर काकी पडल्या. न्हाणीघराला उंबरा होता, तो त्यांना कळला नाही. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या उठल्या, पण एकट्या चालणं संपलं. मी भेटायला गेलो की काका मला बाहेर सोडायला यायचे आणि एकच गोष्ट सांगायचे — ही इथे भिंतीला हातच लावत नाय. मी म्हणायचो, नवीन घर आहे काका, वेळ लागेल. नवीन बिल्डिंग अर्धी झाली असताना काका गेले. मी खांदा दिला. स्मशानात एक शेजारी मला म्हणाला, बरं झालं वेळेवर बाहेर पडले, नाहीतर त्या भिंतीखाली गेले असते. मी मान हलवली.

आता आम्ही नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहतो. काकी समोरच. त्यांनीच मागून घेतलं, शिरीषच्या समोर द्या म्हणून. दिवसभर एक बाई असते, संध्याकाळी ती गेली की मी. दरवर्षी सत्यनारायणाला कोणीतरी माइकवर म्हणतंच की आज आपण सगळे इथे आहोत ते शिरीषमुळे. एकदा शाल-श्रीफळ झालं. ती शाल मी काय करू? कपाटात आहे. बायको म्हणते, हे विकून मुलीजवळ पुण्याला जाऊ. मी नाही म्हणतो. ती म्हणते, तुझा जीव अडकलाय या जागेत. बरोबर बोलते, पण तिला माहीत नाही ती काय बोलते. विकून निघालो तर समोरच्या दाराचं काय? आणि राहिलो तर रोज ते दार. सांगावं, तर चाळीस कुटुंबं माझ्या खोट्यावर घर करून सुखाने राहताहेत, त्यांची पोरं लिफ्टमध्ये मला अंकल गुड मॉर्निंग म्हणतात. कोणाला काय परत मिळणार आहे? असं स्वतःला विचारायचो, आणि कोणालाच काही नाही असं उत्तर येई, आणि त्या उत्तरावर मी झोपायचो.

ते उत्तरही गेल्या वर्षी गेलं.

एका संध्याकाळी काकींना पलंगापासून खिडकीपाशी न्यायचं होतं. आठ पावलं असतील. मी म्हटलं, "काकी, पूर्वीसारखा डावा हात भिंतीवर ठेवा ना, सोपं जाईल."

त्या हसल्या. "माझ्या हाताचा काय खरा नाय, झिला. इतकी वर्सा त्या भिंतीर हात फिरवलंय, नि फुगलेली माका कळूक नाय. तुका उलट बोललंय, सरळ आसा म्हणून. तू दाखवलंस म्हणून वाचलंव. तेव्हापासून मी हाताक विचारूचा सोडलंय."

मी त्यांना नीट बसवलं, उशी लावली, खिडकी थोडी उघडली.

म्हणजे दहिसरला त्या पडल्या तेव्हा भिंत शेजारीच होती. हात लावला असता तर उंबऱ्याआधी कोपरा लागला असता. त्यांनी लावला नाही, कारण सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर, मी — ज्याचा शर्ट त्यांनी मुठीत धरला होता त्याने — त्यांचा हात खोटा आहे असं सांगितलं होतं. घर गेलं, नवीन मिळालं. काका आज ना उद्या गेलेच असते, असंही कोणी म्हणेल. पण त्यांच्याकडे डोळ्यांच्या जागी जे होतं ते मी काढून घेतलं. आणि ते परत द्यायला चार शब्द पुरतात. 'काकी, भिंत सरळ होती.' एवढंच. हे मला कळून वर्ष झालं. वर्षातल्या जवळजवळ सगळ्या संध्याकाळी मी त्या घरात होतो.

मी बोललेलो नाही. सुरुवात केली तर त्या पुढचा प्रश्न विचारतील — तुला कधी कळलं? मग काकांची सही मधे येईल. तो प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकायची माझी छाती नाही. भिंत मोजायला लागते तेवढी हिंमतसुद्धा नाही.

ती फाइल अजून माझ्याकडे आहे. चित्र आहे, वहीचं पान आहे. मी पुसलेलं नाही, आणि कोणाला दाखवलेलंही नाही.

आता साडेसहा झालेत. बाई गेली असेल. मी उठून समोरचं दार उघडेन, काकी म्हणतील, "इलंस?" मी त्यांचा उजवा हात धरेन आणि आठ पावलं मोजत खिडकीपर्यंत नेईन. भिंत सगळा वेळ डाव्या बाजूला, हातभर अंतरावर असते. त्यांचा डावा हात पदराच्या आत, पोटाशी धरलेला असतो.